गेमिंगचा पडदा: ओएलईडी की एलईडी?

दुकानात ‘एलईडी’ म्हणून मिळणारा टीव्ही किंवा मॉनिटर मुळात एलसीडीच असतो. एलईडी दिवे असतात ते पडद्याच्या मागे. त्यांचा प्रकाश द्रवस्फटिकांच्या थरातून पुढे येतो आणि स्फटिक कमीअधिक वळून तो अडवतात. मात्र हा प्रकाश पूर्णपणे कधीच अडत नाही. थोडा झिरपतोच, आणि अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसू लागतो. ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नसतो. कोडॅक कंपनीतील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कमी व्होल्टेजवर उजळणाऱ्या सेंद्रिय थरांचे संशोधन प्रसिद्ध केले. त्याच वाटेने पुढे आलेल्या आजच्या पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळे दाखवायचे असेल तेव्हा विझतो. भुयारात किंवा रात्रीच्या जंगलात घडणारा गेम त्यावर फार वेगळा दिसतो. मशालीची ज्योत लखलखते, पण तिच्या बाजूचा अंधार फिका पडत नाही.

मिनी-एलईडी पडद्यांत मागचे दिवे शेकडो भागांत विभागून हवे तिथे मंद करतात. त्याने काळा रंग बराच सुधारतो. तरी एक भाग अनेक पिक्सेलना मिळून असल्याने उजळ वस्तूभोवती पुसट वलय उरते.

वेगाचा मुद्दा खेळणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक चित्र जेमतेम ४.२ मिलिसेकंद टिकते. द्रवस्फटिकाला वळायलाच काही मिलिसेकंद लागतात. व्हीए या एलसीडीच्या एका प्रकारात गडद छटांना तर आणखी जास्त. त्यामुळे पळत्या शत्रूमागे सावलीसारखी रेघ राहते. ओएलईडीचा पिक्सेल मिलिसेकंदाच्या अगदी छोट्या अंशात बदलतो आणि ही रेघ जवळजवळ नाहीशी होते. अर्थात, तेवढी चित्रे तयार करणारे यंत्रही हवे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स सेकंदाला जास्तीत जास्त १२० चित्रे देतात, आणि अनेक गेम ३० किंवा ६० वरच चालतात. सेकंदाला ३० चित्रांच्या गेममध्ये ओएलईडीची चपळाई उलट खुपते: कॅमेरा फिरवला की दृश्य हिसके खाताना दिसते.

ओएलईडीची खरी अडचण आहे झीज. सेंद्रिय पदार्थ वापराने मंदावतात, त्यातही निळा प्रकाश देणारे लवकर. गेममधली जीवनपट्टी (हेल्थ बार), कोपऱ्यातला नकाशा, संगणकाचा टास्कबार अशा तासन्‌तास न हलणाऱ्या आकृत्यांच्या जागचे पिक्सेल असमान झिजतात आणि त्यांचा ठसा कायमचा उमटतो. यालाच बर्न-इन म्हणतात. चित्र किंचित सरकवत राहणे, स्थिर भाग मंद करणे अशा सोयींमुळे धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. रोज तोच एक गेम खेळणाऱ्याने, किंवा त्याच मॉनिटरवर दिवसभर कार्यालयीन काम करणाऱ्याने, एलईडी घेणे शहाणपणाचे. दुसरी मर्यादा प्रकाशाची. पूर्ण पडदा पांढरा झाला की ओएलईडी स्वतःची चमक उतरवतो. खिडकीसमोरच्या उजेडी दिवाणखान्यात चांगला मिनी-एलईडी त्याला सहज मागे टाकतो.

उत्पादकांचा कौलही एका बाजूला नाही. निन्टेंडोने २०२१ मध्ये स्विच या हातात धरून खेळायच्या कन्सोलची ७ इंची ओएलईडी आवृत्ती आणली, पण २०२५ च्या स्विच २ ला ७.९ इंचांचा, १२० हर्ट्झचा एलसीडी पडदा दिला. स्टीम डेक हा तसाच हातातला कन्सोल मात्र २०२३ मध्ये एलसीडीकडून ९० हर्ट्झच्या ओएलईडीकडे गेला.

संध्याकाळनंतर, मंद उजेडात, वेगवेगळे कथाप्रधान गेम खेळणाऱ्याला ओएलईडीसारखा आनंद दुसरा पडदा देत नाही. ओएलईडीसाठी मोजावे लागणारे जास्तीचे पैसे तिथे सार्थकी लागतात. तो घेताना वॉरंटीत बर्न-इनचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे वाचून घ्यावे, कारण काही कंपन्या ते नुकसान भरून देतात आणि काही देत नाहीत. टीव्ही कोणत्याही जातीचा असला तरी त्यातला गेम मोड सुरू करावा. चित्र सजवण्याची प्रक्रिया त्याने कमी होते आणि बटण दाबणे व पडद्यावर हालचाल दिसणे यांतला विलंब घटतो.