लहान मुलांची गाडीतील सीट आणि तिचे पट्टे



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा व खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. दिवाळी आणि गळीत हंगाम मागेपुढेच येतात. मुंबई-पुण्याला असलेली पारनेरची माणसे लेकराबाळांसह नगर-पुणे व नगर-कल्याण रस्त्याने गावी येतात आणि त्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्याही रस्त्यावर असतात. रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली समोर आली की मोटारीला एकदम ब्रेक लावावा लागतो. अशा वेळी मूल कोठे व कसे बसले आहे, यावर सारे अवलंबून असते.

पुष्कळांना वाटते, आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही. पण हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचे मूल सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे ओढले जाते. म्हणजे साखरेची जवळजवळ तीन पोती! कितीही दणकट गडी असला तरी हातांनी ती धरता येणार नाहीत. म्हणून मुलाची वेगळी सीट लागते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा अशा सीटने सुरक्षित न बसवल्यास १००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा लेकरू मोलाचे.

सीट कशी बसवावी

सीट मोटारीच्या मागच्या बाकावर बसवावी. तान्ह्या मुलाचे डोके जड आणि मान कोवळी असते. त्यामुळे त्याचे तोंड मोटारीच्या मागच्या बाजूला ठेवावे. धक्का बसला तर तो पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. युरोपातील नव्या नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत असेच बसवणे सक्तीचे आहे. पुढे एअरबॅग चालू असेल तर अशी उलट्या तोंडाची सीट पुढच्या बाकावर कधीही ठेवू नये. बसवल्यावर, जेथून मोटारीचा पट्टा जातो तेथे धरून सीट हलवून पाहावी. ती इंचभराहून जास्त हलता कामा नये.

मूल उलट्या तोंडाने बसले असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. पुढे तोंड करून बसले असेल तर रेषेत किंवा किंचित वरून यावेत. पट्ट्याला पीळ नसावा. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे असे समजावे. थंडीत जाड स्वेटर घालून पट्टा लावू नये. जोराचा धक्का बसला की स्वेटर दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा लावावा, मग वरून शाल पांघरावी.

पट्टा केव्हा बदलावा

उसाची गाडी भरण्यापूर्वी गाडीवान सापती ताणून पाहतो. कुजलेल्या सापतीला गाठ मारून कोणी शहाणा बैल जुंपत नाही. येथेही तोच न्याय लावावा. पट्ट्याचे धागे सुटले असतील, उंदराने तो कुरतडला असेल, उन्हाने कडक झाला असेल किंवा ब्लीचिंगच्या पाण्यात धुतला गेला असेल, तर तो बदलावा. मळला असेल तर साध्या साबणाच्या ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. भिजत घालू नये.

बदलताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) सीटच्या खाली कंपनी, मॉडेल व तारीख छापलेली असते. ती कळवून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा पट्टा मागवावा. मोच्याकडून शिवून घेतलेला पट्टा, नवार किंवा ट्रॉलीचा पट्टा चालत नाही.

(२) जुना पट्टा काढण्यापूर्वी पुढून व मागून फोटो काढून ठेवावेत.

(३) नवा पट्टा माहितीपुस्तकाप्रमाणे, त्याच भोकांतून ओवावा. दोन्ही बाजू एकाच उंचीवर असाव्यात.

(४) मागील लोखंडी पट्टीत दोन्ही टोके पूर्ण अडकली आहेत ना, ते पाहावे.

(५) बकल ‘खट्ट’ वाजून लागले पाहिजे. नंतर पट्टे जोराने ओढून खात्री करावी. बकलात तेल घालू नये.

अपघातात सापडलेली सीट वरून चांगली दिसली तरी वापरू नये. नातेवाइकांनी जुनी सीट दिली तर ती अपघातातली आहे का आणि तिची मुदत संपली आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

मोटारसायकलवर

आपल्याकडे मोटारीपेक्षा मोटारसायकली जास्त. १५ फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी चालकाला बांधणारा सुरक्षा-पट्टा व हेल्मेट सक्तीचे आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. हा पट्टा नायलॉनचा, ३० किलो वजन पेलणारा असावा. ओढणीने किंवा उपरण्याने बांधणे हा त्याला पर्याय नाही. त्याचीही शिवण व बकल वरचेवर तपासावे.

या दिवाळीला पाहुणे उतरले की चहापाणी झाल्यावर त्यांच्या मोटारीतील सीटचे पट्टे एकदा ओढून पाहावेत. तसेच आपल्या ट्रॉलीला मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी लावावी, म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचा जीवही सांभाळला जाईल. सर्व सभासदांनी व वाहतूकदारांनी याची नोंद घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी