पिन आणि महसुली जिल्हा

डाक-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन पद्धत (पत्त्यातील सहा अंकी टपाल क्रमांक) होय. या अंकांवरून महसुली जिल्हा कळतो, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात पहिले तीन अंक टपालाच्या छाननीचे क्षेत्र आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दाखवतात. एसटीचे आगार ज्याप्रमाणे तालुक्याची हद्द न पाहता गाड्यांच्या सोयीने फेऱ्या आखते, तसेच हे आहे. म्हणूनच १९९८ मध्ये वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, तरी वाशीमचा पिन ४४४५०५ हाच राहिला, आणि त्यातील ४४४ हे अंक अकोल्याच्या ४४४००१ प्रमाणेच अमरावतीच्या ४४४६०१ मध्येही आढळतात.