किहीमची सुट्टी आणि तय्यबजींच्या वह्या

रायगडच्या किनाऱ्यावर मुलांची उन्हाळी शिबिरं भरू लागण्याच्या कितीतरी आधी, अलिबागच्या उत्तरेला किहीम इथं मुंबईचं तय्यबजी घराणं सुट्टी घालवायला येत असे. १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले.

या घराण्याच्या निरनिराळ्या शाखा ‘अखबार की किताब’ नावाच्या सामाईक वह्या ठेवत. किहीमच्या घरातही अशी वही असे. १८७०च्या दशकात सुरू झालेली ही प्रथा १९५०च्या दशकापर्यंत चालली. रोजनिशी, पण साऱ्या कुटुंबाची! बायका आणि मुलंही त्यात लिहीत. मुलींच्या हाती लेखणी देणारी ही सवय त्या काळात फार मोलाची होती. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या अतिया फैझी आणि जंजिऱ्याच्या नाझली बेगम या बहिणी याच गोतावळ्यातल्या.

पक्षितज्ज्ञ सालिम अलीही लहानपणीच पोरके झाल्यावर मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे वाढले. १९३० साली, नोकरी नसताना, ते पत्नी तहमीना यांच्यासह किहीमच्या छोट्या घरात राहिले आणि पावसाळ्यात त्यांनी सुगरणीची वसाहत न्याहाळली. नर घरटं अर्धं विणतो, मादीनं पसंत केलं तरच पुरं करतो, मग दुसरीसाठी नवं विणायला घेतो, हे त्यांनी इथंच टिपलं. निसर्ग शिबिरात मुलांना आवर्जून सांगावी अशीच ही हकिकत. त्यांचा लेख १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. तेव्हा रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई.