खोट्या जागचा खरा ठिपका

जैवविविधतेच्या नोंदी नकाशावर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की फोटोवरून प्रजाती ओळखण्याच्या सोयीचंच कौतुक होतं. माझा जीव मात्र त्यातल्या एका लहानशा गणितावर जडला आहे: ठिपका मुद्दाम चुकीच्या जागी ठेवण्याच्या.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २००८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तिघा विद्यार्थ्यांनी आपला पदव्युत्तर प्रकल्प म्हणून आयनॅचरलिस्ट हे असंच एक सॉफ्टवेअर उभारलं. त्याचा कोड रुबी ऑन रेल्समध्ये लिहिलेला आहे आणि गिटहबवर कुणालाही वाचता येतो. त्याच वर्षी आपल्याकडे इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल सुरू झालं. पुढे भूतानचं पोर्टल त्याच्याच कोडवर उभं राहिलं.

आता ठिपक्याकडे वळू. दक्षिण चीनमधल्या गोनियूरोसॉरस लुई या पालीचं शास्त्रीय वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झालं. जागा कळताच पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणारे तिथे पोचले आणि मूळ ठिकाणाहून ती पाल नाहीशी झाली. आपल्या सह्याद्रीत खर्चुडीची, म्हणजे सेरोपेजियाची, तीच भीती आहे. फूल कंदिलासारखं, कंद खाण्याजोगा आणि कित्येक जाती एखाद-दुसऱ्या कड्यापुरत्याच. एका पावसाळ्यात ती पाहायला गेलो होतो. गडाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वाट दाखवणारे मामा म्हणाले, ‘‘फोटू घ्या, पण वाट कुठं लिहू नका.’’ वाट लिहायची गरजच उरलेली नाही, कारण फोनमधल्या फोटोत अक्षांश-रेखांश आपसूक उमटतात.

आयनॅचरलिस्टच्या कोडमध्ये यावर ०.२ अंशाच्या चौकोनाचा उपाय आहे. संकटग्रस्त प्रजातीची नोंद आली की खरे अक्षांश-रेखांश वेगळ्या रकान्यात जातात आणि नकाशावर त्या चौकोनातला कुठलाही एक बिंदू दिसतो. चौकोनाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे २२ किलोमीटर. चौकोनच का? खऱ्या जागेभोवती ठिपका इकडेतिकडे सरकवला असता, तर एकाच झाडाच्या पुष्कळ नोंदींची सरासरी काढून कुणीही मुळाशी पोचला असता. चौकोनात सरासरी काढली तर हाती लागतो फक्त चौकोनाचा मध्य. तारीखही झाकतात, फक्त महिना आणि वर्ष दिसतं. नाहीतर त्याच दिवशीच्या त्याच माणसाच्या उघड्या नोंदींवरून माग काढता आला असता. हे ज्यांना सुचलं त्यांनी चोराच्या डोक्यानं विचार केला होता, आणि याचंच मला फार अप्रूप वाटतं.

कोड खुला असेल तर गुपित कसं टिकेल, असं मला नेहमी विचारतात. कुलपाची रचना माहीत असली म्हणून किल्ली हाती येत नाही. उलट ही रचना वाचता येते, म्हणूनच मी माझ्या नोंदी तिथे ठेवतो.

कोकणात मात्र हा चौकोन फार मोठा पडतो. सड्यावरच्या वनस्पतीचा ठिपका कधी खाडीत, तर कधी थेट समुद्रात जाऊन बसतो, आणि नवखी मंडळी जागा चुकली म्हणून कळवत राहतात. शिवाय जगाच्या यादीत संकटात असलेली एखादी जात आपल्याकडे मुबलक असू शकते, किंवा नेमकं याच्या उलट. प्रजातीचा दर्जा प्रदेशवार ठरवायची सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे. महाराष्ट्रासाठी ती यादी इथल्या वनस्पती-अभ्यासकांनी आणि वाटाड्या मामांसारख्या माणसांनी एकत्र बसून करावी. खर्चुड्यांपासून सुरुवात करावी, आणि ती येत्या पावसाळ्याआधीच.