दारे आणि खिडक्यांची निवड

घर बांधावयास काढले की कुटुंबात चर्चा होते ती खोल्यांची संख्या, फरशी आणि रंग यांची. दारे व खिडक्या यांचा विचार बहुधा अखेरीस, भिंती चौकटीच्या उंचीपर्यंत आल्यावर होतो. आणि तोही सुताराने किंवा कंत्राटदाराने पुढे केलेल्या दोन-तीन नमुन्यांपुरताच. भिंतीचा न आवडलेला रंग दुसऱ्या वर्षी बदलता येतो. चुकीच्या दिशेला ठेवलेली खिडकी मात्र त्या घरातील माणसांना वीस-तीस वर्षे सोसावी लागते. ज्या कुटुंबाला आयुष्यात एकदाच, आणि तेही कर्ज काढून, घर बांधणे शक्य असते, त्याने तर या प्रश्नाचा विचार पाया खणण्यापूर्वीच करावयास हवा.

खिडकीकडून माणसाच्या अपेक्षा परस्परविरोधी असतात. तिने उजेड आत घ्यावा, पण उष्णता बाहेर ठेवावी. वारा येऊ द्यावा, पण पाऊस, धूळ, डास व चोर यांना अडवावे. बाहेरचे दृश्य दिसू द्यावे, पण बाहेरच्याला आतले दिसू नये. या अपेक्षांपैकी कोणतीला अग्रक्रम द्यावयाचा, हे प्रदेशाच्या हवामानावर अवलंबून असते. भारतात इमारतींच्या दृष्टीने हवामानाचे पाच विभाग मानले जातात : उष्ण व कोरडे, उष्ण व दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. जैसलमेरच्या जुन्या घरांत जाड दगडी भिंती आणि लहान झरोके आढळतात, कारण तेथे दिवसाचा वारा सुखावह नसून भाजून काढणारा असतो. खिडक्या दिवसा मिटावयाच्या आणि रात्री उघडावयाच्या, असा तेथील रिवाज आहे. केरळच्या किनाऱ्यावर हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही. म्हणून तेथे उघडी मोकळी घरे आणि पाऊस अडविण्यासाठी खूप खाली उतरलेली छपरे. कोलकात्याच्या जुन्या वाड्यांतील हिरव्या रंगाच्या झिलमिलीच्या झडपा उन्हाला अडवून वाऱ्याला वाट देतात. काश्मीरमध्ये पिंजराकारीच्या सुंदर लाकडी जाळ्यांवर हिवाळ्यात कागद चिकटविण्याची पद्धत होती, आणि गोव्यात काच दुर्मीळ होती त्या काळात पातळ शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून तावदाने केली जात. त्यांतून येणारा दुधाळ, थंड प्रकाश आजही जुन्या घरांत पाहावयास मिळतो.

या परंपरांविषयी कौतुकाने बोलताना थोडी सावधगिरी बाळगलेली बरी. जयपूरचा हवामहाल १७९९ मध्ये बांधला गेला. त्याच्या जाळ्यांमुळे हवाच थंड होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः नुसत्या जाळीतून गेल्याने हवेचे तापमान जाणवण्याइतके उतरत नाही. जाळी ऊन तोडते, झगझगाट कमी करते आणि वारा खेळता ठेवते. त्या वाऱ्याने अंगावरचा घाम वाळतो आणि माणसाला गारवा वाटतो. जाळीचे महत्त्व यामुळे उणे होत नाही. परंतु डोक्यावर पत्रा आणि समोर जाळी अशा खोलीत गारव्याची अपेक्षा करणाऱ्याची निराशा होईल, हे मात्र खरे.

खिडकी किती मोठी असावी? राष्ट्रीय इमारत संहितेने यासाठी खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाशी प्रमाण ठरवून दिले आहे. उष्ण व कोरड्या प्रदेशात उघडणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक-दशांश, उष्ण व दमट प्रदेशात एक-षष्ठांश, मधल्या प्रकारच्या हवामानात एक-अष्टमांश आणि थंड प्रदेशात एक-द्वादशांश असावे. म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीला किनारपट्टीवर किमान २ चौरस मीटर, तर राजस्थानच्या कोरड्या भागात १.२ चौरस मीटर उघडी जागा हवी. ऊर्जाबचतीसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इको-निवास संहिते’तही जवळजवळ हीच प्रमाणे आढळतात. येथे ‘उघडणारा भाग’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अलीकडे सर्वत्र दिसणाऱ्या दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीत एक तावदान नेहमी दुसऱ्यामागे असते. त्यामुळे कागदावर २ चौरस मीटर दिसणारी खिडकी प्रत्यक्षात एकच चौरस मीटर उघडते. बिजागऱ्यांवर फिरणारी जुनी झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण, सुमारे नव्वद टक्के, उघडते. सरकत्या खिडकीला जागा कमी लागते आणि वाऱ्याने ती आपटत नाही, हे तिचे गुण मान्य करूनही, दमट प्रदेशात तिची निवड करणारा अर्धी हवा गमावतो.

परंतु नुसत्या आकाराने वारा येत नाही. एकाच भिंतीत मोठी खिडकी ठेवली आणि समोरची भिंत आंधळी राहिली, तर आत येऊ पाहणाऱ्या हवेला बाहेर पडण्यास वाटच उरत नाही. समोरासमोरच्या किंवा निदान लगतच्या दोन भिंतींत उघडी जागा असली, तरच हवा वाहते. घर वाऱ्याच्या अगदी समोर असलेच पाहिजे असे नाही. तीस अंशांपर्यंत कलते असले तरी फारसे बिघडत नाही. वारा आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या जागांचे एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या वीस ते तीस टक्के असेल, तर खोलीतील वाऱ्याचा सरासरी वेग बाहेरच्या वेगाच्या सुमारे तीस टक्के भरतो. त्यापुढे खिडक्या कितीही वाढविल्या तरी हा आकडा चाळीस टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणून भिंतभर काचा लावण्याने वाऱ्याच्या बाबतीत मिळणारा लाभ अल्प असतो; उष्णतेच्या बाबतीत होणारी हानी मात्र पुरेपूर.

याहूनही दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे खिडकीच्या तळाची उंची. वारा अंगाला लागावयाचा, तर खिडकीचा तळ माणूस ज्या पातळीवर बसतो वा झोपतो तिच्याशी जुळला पाहिजे. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी तो जमिनीपासून ७५ सेंटिमीटर, खाटेवर बसणाऱ्यांसाठी ६०, आणि जमिनीवर बसणाऱ्यांसाठी ४० सेंटिमीटर असावा, अशी शिफारस आहे. आपल्याकडे असंख्य घरांत माणसे जमिनीवर जेवतात, निवडणे-टिपणे जमिनीवर बसून करतात आणि जमिनीवरच झोपतात. खिडकी मात्र खुर्ची-टेबलाच्या हिशेबाने बांधली जाते, आणि वारा सर्वांच्या डोक्यावरून निघून जातो. अर्थात खिडकी खाली आणली की लहान मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो. वरच्या मजल्यावर अशा खिडकीला गज अत्यावश्यक आहेत. ते उभे असावेत, आडवे नसावेत, कारण आडव्या गजांची मुलाला शिडीच होते. आणि दोन गजांमधील अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी असावे. त्याचबरोबर घरातील निदान एका खिडकीच्या गजांना आतून उघडणारी चौकट ठेवावी. चोराच्या भीतीने सर्व खिडक्या लोखंडाने कायमच्या बंद केलेल्या घरात आग लागली आणि दाराची वाट धुराने अडली, तर ते लोखंड आतल्या माणसांच्या जिवावर उठते.

आता उन्हाविषयी. सूर्याची आकाशातील वाट आधीच ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न निव्वळ गणिताचा आहे, आणि तरीही तो बहुतेक घरांत चुकतो. दिल्लीचे उदाहरण घेऊ. तेथे २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ माथ्यावर असतो. २२ डिसेंबरला तो केवळ ३८ अंशांपर्यंत चढतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या १२० सेंटिमीटर उंच खिडकीच्या लगेच वर ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा असेल, तर जूनमध्ये मध्यान्ही संपूर्ण खिडकी सावलीत राहते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातही वरचे ११० सेंटिमीटर सावलीत असतात. डिसेंबरात मात्र वरच्या ४७ सेंटिमीटरपुरतीच सावली पडते आणि उरलेल्या ७३ सेंटिमीटरमधून हवेहवेसे ऊन खोलीत येते. एका साध्या छज्ज्याने उन्हाळा व हिवाळा या दोहोंची सोय होते, ती अशी.

पश्चिमेच्या भिंतीवर हाच छज्जा निरुपयोगी ठरतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवर उतरलेला असतो. तेवढ्याच छज्ज्याची सावली त्या वेळी खिडकीच्या वरच्या जेमतेम २६ सेंटिमीटरवर पडते. बाकीची खिडकी उन्हात जळत असते, आणि तीही दिवसभर भिंती तापून झाल्यावर. पश्चिमेला खिडकी टाळता आली तर टाळावी. टाळता येत नसेल, तर ती लहान ठेवावी आणि बाहेरच्या बाजूने उभ्या पट्ट्या, झिलमिलीच्या झडपा, बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा यांनी झाकण्याची व्यवस्था करावी. ‘बाहेरच्या बाजूने’ हे महत्त्वाचे आहे. साध्या काचेतून उन्हाची ऐंशी टक्क्यांहून अधिक उष्णता आत शिरते. ती आतल्या पडद्यावर पडली की पडदा तापतो, आणि त्या तापलेल्या पडद्यातून निघणारी उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आतला पडदा डोळ्यांना दिलासा देतो, खोलीला फारसा नाही.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुंबईत मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेरीस सूर्य ठीक माथ्यावर येतो. मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीला छज्जा नको, ही दिल्लीकडील समजूत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. शिवाय कोकण, गोवा, केरळ या भागांत छज्जा उन्हापेक्षा पावसासाठीच अधिक लागतो. त्याच्या खालच्या बाजूस कडेलगत बोटभर रुंदीची खाच ठेवली, की पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीकडे न वळता तेथेच ठिबकते. ही खाच ठेवण्यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती विसरली जाते.

स्वयंपाकघराच्या खिडकीचा स्वतंत्र विचार हवा. जेथे अजून लाकूड, गोवऱ्या वा कोळसा जाळला जातो, तेथे धुराने घरातील स्त्रियांचे व त्यांच्याजवळ बसणाऱ्या मुलांचे डोळे आणि फुप्फुसे यांची हानी होते. गरम धूर वर जातो. म्हणून चुलीच्या वर छतालगत बाहेर जाण्याची वाट आणि समोरच्या बाजूस खाली ताजी हवा येण्याची वाट, अशी जोडी असावी. मात्र खिडकी थेट चुलीसमोर ठेवू नये. वाऱ्याने जाळ हलतो आणि धूर परत खोलीतच पसरतो.

दारांच्या बाबतीत मुख्य प्रश्न लाकडाचा. लाकूड हवेतील ओलावा शोषून रुंदीत फुगते व कोरड्या ऋतूत आक्रसते. लांबीत हा फरक नगण्य असतो. पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसते ते यामुळेच. जुन्या सुतारांनी यावर काढलेला उपाय म्हणजे तावदानी दार : भोवतीच्या अरुंद उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या खाचेत मधला फलक न खिळता, न चिकटवता नुसता सोडलेला असतो, त्यामुळे तो खाचेच्या आतल्या आत फुगतो नि आक्रसतो, आणि दाराचे बाहेरचे माप फारसे बदलत नाही. जो सुतार हा फलक ‘मजबुतीसाठी’ खिळ्यांनी ठोकून बसवितो, त्याच्या दाराला दोन उन्हाळ्यांत भेग पडते. सागवान या कामी उत्तम, परंतु महाग. फणस, ऐन, साल, शिसव, देवदार ही लाकडे त्या त्या प्रदेशात दीर्घकाळ वापरली गेली आहेत, आणि नीट वाळविलेले स्थानिक लाकूड हे ओल्या सागवानापेक्षा केव्हाही चांगले. ॲल्युमिनियमला वाळवी लागत नाही व ते फुगत नाही. मात्र ते लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. लोखंडी खिडक्या समुद्रकाठी जस्ताचा लेप नसल्यास लवकर गंजतात. प्लास्टिकच्या पोकळ चौकटी उष्णता अडवितात, पण त्यांची दुरुस्ती गावातल्या सुताराच्या हाती राहत नाही.

ज्यांची ऐपत मर्यादित आहे, त्यांना केरळमध्ये दीर्घकाळ काम केलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांच्या कामातून पुष्कळ घेण्यासारखे आहे. चौकटीसह खिडकी ही भिंतीपेक्षा कितीतरी महाग पडते, हे जाणून त्यांनी जेथे नुसता उजेड व वारा हवा तेथे विटांचीच जाळी रचली. त्यांनी सुचविलेली सर्वांत साधी खिडकी म्हणजे एक उभी फळी : तिच्या वरच्या व खालच्या टोकांचे खुंट भिंतीतील दोन भोकांत बसवावयाचे आणि फळी स्वतःभोवती फिरवावयाची. तिला चौकट लागत नाही, बिजागऱ्या लागत नाहीत.

चौकट बसविणार असल्यास तिचा भिंतीत गाडला जाणारा भाग आधी डांबराने रंगवून घ्यावा, म्हणजे ओल व वाळवी यांपासून संरक्षण मिळते. मुख्य दार निदान १०० सेंटिमीटर रुंद असावे. आतली दारे चाकाच्या खुर्चीवरून ये-जा करता यावी इतपत, म्हणजे ९० सेंटिमीटर मोकळी ठेवता आली तर घरातील म्हाताऱ्या माणसांची पुढे अडचण होत नाही. न्हाणीघराचे दार नेमके सर्वांत अरुंद ठेवले जाते, आणि आजारी माणसाला आधार देऊन न्यावे लागते तेही तेथेच. ते शक्य असल्यास बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी घसरून दाराशी पडले तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. त्याची कडी बाहेरूनही सोडविता येईल अशी घ्यावी. बिजागऱ्या जड दाराला तीन लावाव्यात, आणि दमट प्रदेशात त्या पितळेच्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या असाव्यात.