घसरणीचा हिशेब

इचलकरंजीतील आमच्या सुताच्या गोदामाचा घोटीव कोबा आजवर केवळ पोत्यांच्या थप्प्या, हातगाडीची चाके आणि हमालांची पावले ओळखत होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच कोब्यावर माझ्या पुतण्याची दीड फूट लांबीची एक मोटार घसरू लागली. वळणावर मागचा भाग बाहेर टाकून, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला रोखून तिने तिरके वाहत जावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे ती नुसती गरगर फिरत राहिली. माझे थोरले बंधू, म्हणजे त्या मुलाचे वडील, दाराशी उभे राहून एवढेच म्हणाले, 'भोवराच घ्यायचा होता, तर जत्रेत स्वस्तात मिळाला असता.'

अनेक घरांत आज अशी एखादी मोटार येऊ पाहत असेल. मुलगा हट्ट धरतो, वडील खर्च पाहतात, आणि दोघांनाही या छंदाचे अंतरंग ठाऊक नसते. ते अंतरंग आम्हाला कसे उमगले, ते सांगावे म्हणून हा लेख.

खेळाचे मूळ

ड्रिफ्ट ही मोटार चालवण्याची कला जपानची. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने वळणात वेगाने शिरून मोटार मुद्दाम घसरवण्याची पद्धत गाजवली. पुढे केइची त्सुचिया यांनी डोंगरातील घाटरस्त्यांवर ती आत्मसात केली आणि सर्वदूर लोकप्रिय केली. या शतकाच्या आरंभी डी-वन ग्रांप्री या स्पर्धेने तिला रीतसर खेळाचे रूप दिले. येथे पहिले कोण पोहोचले हे पाहिले जात नाही. मोटारीने कोणती रेषा धरली, ती किती कोनात तिरकी राहिली, आणि दोन मोटारी एकापाठोपाठ धावताना मागची पुढचीच्या किती निकट राहिली, यांवर पंच निर्णय देतात.

हाच खेळ हौशी मंडळींनी १:१० प्रमाणाच्या, रिमोटवर चालणाऱ्या मोटारींत उतरवला. रबरी टायरच्या जागी कडक प्लास्टिकचे गुळगुळीत टायर बसवले, की लहान मोटारही जमिनीवरची पकड सोडून घसरू लागते. आरंभीच्या काळात तर लोक नळाच्या प्लास्टिक पाइपचे तुकडे कापून चाकांवर चढवीत. तेव्हा चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीच वापरात होत्या. टामिया कंपनीची टीटी-०२डी ही त्या जातीची, नवशिक्याला सांभाळून घेणारी मोटार. आज मात्र खऱ्या मोटारीप्रमाणे केवळ मागच्या चाकांवर चालणारी रचना अधिक रूढ आहे. जपानच्या योकोमोची वायडी-२ आणि तैवानच्या एमएसटीची आरएमएक्स मालिका ही तिची परिचित उदाहरणे. आमच्या पुतण्याने दोन वर्षांचे साठवलेले पैसे घालून अशीच, सुट्या भागांची, स्वतः जुळवायची पेटी मागवली.

खरेदीआधीची यादी

व्यापारी घराने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटीवर छापलेली किंमत ही पूर्ण किंमत नव्हे. पेटीत बहुधा केवळ चॅसिस असते. मोटर, तिला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर, चाके वळवणारा सर्व्हो, तोल सावरणारा जायरो, रिमोट व रिसीव्हर, बॅटरी, चार्जर, वरचे पारदर्शक कवच आणि त्याचा रंग हे सारे निराळे घ्यावे लागते. यादी पुरी करून, आयातशुल्क धरून एकूण आकडा काढावा आणि मगच होकार द्यावा. दुसरे असे की, मोटार घेण्यापूर्वी तिचे सुटे भाग आपल्याकडे मिळतात का, ते पाहावे. आपटल्यावर पुढचा आर्म मोडतो, हे गृहीतच धरावे. त्यासाठी महिनाभर थांबावे लागणार असेल, तर स्वस्त मोटारही महाग पडते.

शक्तीचा मोह टाळावा. मोटरीवर १०.५ किंवा १३.५ असा वेढ्यांचा आकडा असतो. वेढे कमी तितका वेग अधिक. नवशिक्याने १३.५ वेढ्यांची ब्रशलेस मोटर घ्यावी. घसरणाऱ्या जमिनीवर वाढीव वेग गाडी फिरवण्यापलीकडे फारसे काही करीत नाही.

जुळवणी

जुळवणीसाठी १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे षट्कोनी पेचकस हवेत. हलक्या पेचकसाने स्क्रूचे डोके खराब होते आणि तो पुन्हा निघत नाही. धातूत बसणाऱ्या स्क्रूला थेंबभर थ्रेडलॉक लावावे. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला ते कधीही लावू नये, कारण त्याने प्लास्टिक ठिसूळ होते. प्लास्टिकमधला स्क्रू हाताला टेकल्याची जाणीव होताच थांबावे. आणखी अर्धा फेरा दिला, तर आटे कायमचे जातात.

शॉक ॲब्सॉर्बरमध्ये सिलिकॉन तेल भरले, की दांडा हळूहळू वरखाली करून तो उभा ठेवावा. आतले बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत झाकण लावू नये. हवा अडकलेला शॉक दर वळणाला निराळा वागतो. कवचाला रंग आतल्या बाजूने द्यायचा असतो; म्हणून जो रंग बाहेरून सर्वांत वर दिसायला हवा, तो सर्वांत आधी मारावा लागतो.

यांतील एक पायरी आमच्या पुतण्याने घाईत गाळली. सर्व्होचा लहान हात बसवण्यापूर्वी रिमोट व रिसीव्हर चालू करून सर्व्हो त्याच्या मध्यबिंदूवर आणावा लागतो. त्याने तो नुसत्या नजरेने बसवला. हात एका दात्याने सरकला होता. त्याची किंमत पुढे कळली.

बॅटरी आणि गोदाम

मध्यंतरी घडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका संध्याकाळी बंधू गोदामात गेले, तेव्हा सुताच्या पोत्यावर चार्जर ठेवलेला, बॅटरी जोडलेली, आणि पुतण्या मित्रांकडे गेलेला. काही बिघडले नव्हते. परंतु सूत पेटल्यावर काय होते, हे आमच्या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बंधूंनी बटण बंद केले, मोटार माळ्यावर टाकली, आणि महिनाभर घरात त्या विषयाचा उच्चार झाला नाही.

त्यांचा राग अनाठायी नव्हता. या मोटारींत लिथियम पॉलिमर जातीची बॅटरी असते. दोन सेलच्या बॅटरीवर ७.४ व्होल्ट लिहिलेले असते. पूर्ण भरल्यावर ती ८.४ व्होल्टवर जाते, म्हणजे दर सेलला ४.२. त्यापुढे ती भरली गेली, मार बसून चेपली, किंवा फुगलेली असताना वापरली, तर पेट घेऊ शकते. ही आग विझवणे अवघड असते.

शेवटी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मध्यस्थी केली आणि पुढील अटी घालून दिल्या. त्या प्रत्येक घराने जशाच्या तशा घ्याव्यात. चार्जिंग गोदामात नव्हे, घराच्या अंगणात, उघड्या फरशीवर आणि आगरोधक पिशवीत. माणूस समोर बसलेला असेल तरच. झोपताना किंवा बाहेर जाताना कधीही नाही. दोन्ही सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा. बॅटरी ४,००० मिलिअँपिअर-तासांची असेल, तर चार्जर ४ अँपिअरच्या पुढे न्यायचा नाही. खेळताना दर सेल ३.३ व्होल्टच्या आसपास आला, की थांबायचे. काही दिवस वापर नसेल, तर दर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची. फुगलेली बॅटरी त्या दिवसापासून बाद.

वहीतले ट्यूनिंग

मोटार माळ्यावरून खाली आली, तरी फिरणे थांबेना. पुतण्या एका बैठकीत स्प्रिंग बदली, तेल बदली, चाकांचा कल बदली, जायरो वाढवी, पुन्हा कमी करी. अण्णा खुर्चीवर बसून दोन दिवस हे पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, 'बाळा, एकाच दिवशी तू सुताचा भाव, उधारीची मुदत आणि गिऱ्हाईक तिन्ही बदललंस, तर नफा कशानं झाला आणि तोटा कशानं, हे तुला कोण सांगणार? एका वेळी एकच बदल कर. आणि लिहून ठेव.'

ट्यूनिंगचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे. उरते ते क्रमाचे ज्ञान.

प्रथम जमीन. धुळीचा पातळ थरही पकड बदलतो, म्हणून दर वेळी झाडूनच आरंभ करावा. आमच्याकडे सुताची तूस चाकांच्या दांड्याभोवती गुंडाळली जाते; ती चिमट्याने काढणे हा नित्याचा पाठ झाला आहे. टायर चारही एकाच जातीचे, त्या जमिनीला साजेसे असावेत.

मग जायरो. मोटार वळू लागल्याचे ओळखून हे यंत्र चाके उलट दिशेला नेते. त्याची दिशा तपासणे सोपे आहे. मोटार हातात धरून तिचे नाक झटकन उजवीकडे फिरवावे. पुढची चाके डावीकडे वळली पाहिजेत, म्हणजे मूळ दिशेकडेच रोखलेली राहिली पाहिजेत. उलट झाले, तर जायरोवरील दिशेचे बटण बदलावे. त्याचा जोर कमी पडला, तर मोटार फिरते. जास्त झाला, तर सरळ जातानाही पुढची चाके थरथरतात. थरथर दिसेपर्यंत जोर वाढवावा आणि तेथून किंचित मागे यावे.

त्यानंतर वजन. बॅटरी मागे सरकवली, की मागच्या चाकांवर भार येतो आणि ती जमीन अधिक धरतात. पुढची चाके वळण न घेता सरळ वाहू लागली, तर थोडे वजन पुढे आणावे. मागच्या स्प्रिंग मऊ केल्यानेही मागची पकड वाढते. चाकांचा कल म्हणजे कॅम्बर, आणि पुढच्या टोकांची आत-बाहेर रोख म्हणजे टो. हे सर्वांत शेवटी. तोवर पुस्तिकेत दिलेली मापेच राहू द्यावीत. ती मापे मोटार घडवणाऱ्यांनी वापरून पाहिलेली असतात.

आरंभीचा सरावही साधाच असावा. जमिनीवर एक डबा ठेवून त्याभोवती एकाच दिशेने गोल घसरत राहावे. ते जमले, की दिशा बदलावी. मग दोन डबे ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढावा. थ्रॉटल पूर्ण दाबू नये आणि एकदम सोडूही नये. घसरण टिकते ती बोटाच्या बारीक चढउतारावर.

आठवड्याभराने पुतण्या आपली वही चाळत होता. जायरोचे आकडे निराळे, बॅटरीची जागा निराळी, तरी चार पानांवर शेरा एकच होता: 'उजवीकडे ठीक. डावीकडे फिरली.' तो क्षणभर थांबला. डावीकडच्या वळणात मोटार सावरायला चाके उजवीकडे वळावी लागतात. त्याने मोटार उलटी करून पाहिली. चाके डावीकडे पुरेपूर वळत होती, उजवीकडे कमी पडत होती. दोष स्प्रिंगमध्ये नव्हता, तेलातही नव्हता. सर्व्होचा तो हात, जो पहिल्याच दिवशी एका दात्याने तिरका बसला होता, तो सरळ करायला त्याला पाच मिनिटे लागली. त्या संध्याकाळी मोटार दोन्ही बाजूंनी डब्याभोवती घसरत राहिली आणि अण्णा चहा गार होईपर्यंत पाहत राहिले.

हा छंद शाळेतले गुण वाढवतो किंवा मुलाला इंजिनिअर करतो, असा दावा मी करणार नाही. तो पैसा आणि वेळ दोन्ही घेतो. परंतु चूक शोधायची, तर आधी तिची नोंद हवी, हे आमच्या घरातल्या त्या मुलाला पेढीवर बसण्यापूर्वीच कळले. आता दर रविवारी गोदाम तो स्वतः झाडतो, आणि चार्जर अंगणातून हलत नाही.

मागच्या रविवारी बंधूंनी कोणी पाहत नाही असे समजून रिमोट हाती घेतला. पुतण्या पोत्यांच्या थप्पीआडून म्हणाला, 'पप्पा, थ्रॉटल अर्धाच.' रात्री मी सहज ती वही उघडली. त्या दिवसाची नोंद अशी होती:

'रविवार. कोणताही बदल नाही. पप्पांनी चालवली. ११ वेळा फिरली.'