थंडीआधी ट्रॅक्टरच्या बॅटरीला चार्जर

सख्यांनो, गटाचा ट्रॅक्टर पंधरा-वीस दिवस शेडमध्ये उभा राहतो आणि गव्हाच्या पेरणीच्या दिवशी पहाटे सेल्फ मारावा तर नुसती कुरकुर! बॅटरी उभ्या-उभ्याही उतरते. त्यात थंडीने तिचा जोर कमी होतो, इंजिनातलं ऑइलही घट्ट होतं. अशा वेळी आम्ही मेंटेनन्स चार्जर सुचवतो. बॅटरी भरली की तो करंट आपोआप कमी करतो. गॅरेजमधला साधा चार्जर दिवसेंदिवस लावून ठेवला तर बॅटरीतलं पाणी आटतं.

१२ व्होल्टची भरलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावा.

आता जोडणीचा क्रम. प्लग बोर्डातून काढलेलाच ठेवा. आधी लाल चिमटा अधिकच्या टोकाला, मग काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला. प्लग सगळ्यात शेवटी. सोडवताना उलट: प्लग, काळा, लाल. एवढा काटेकोरपणा कशाला? चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. बॅटरीजवळ ठिणगी उडाली तर ती फुटून अ‍ॅसिड थेट तोंडावर येऊ शकतं. म्हणून शेडचं दार उघडं ठेवा. उदबत्ती नको, कुणाची विडी तर मुळीच नको. आणि हो, हातातल्या सोन्याच्या पाटल्या, अंगठी आधी उतरवा. धातू दोन्ही टोकांना टेकला की क्षणात तापून हात भाजतो. अ‍ॅसिड अंगावर उडालंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर धूतच राहा आणि दवाखाना गाठा.